दोन खात्यांची भूमी

लॉर्ड कर्झन या गृहस्थाविषयी मराठी वाचकाला ममत्व वाटावे असे फारसे काही नाही. बंगालची फाळणी करणारा, आणि कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पौर्वात्यांच्या सत्यप्रीतीविषयी शंका प्रकट करणारा हा व्हाइसरॉय आपल्या स्मरणात राहिला आहे तो एक मानी आणि हटवादी राज्यकर्ता म्हणूनच. तथापि आज जो कोणी या देशातील लेणी, किल्ले, मंदिरे अथवा अभयारण्ये पाहावयास घराबाहेर पडतो, त्याच्या वाटेवर या माणसाची सावली कोठे ना कोठे पडतेच. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९०४ चा कायदा झाला तो त्याच्या कारकीर्दीत. ब्रह्मपुत्रेच्या काठचे काझीरंग्याचे रान गेंड्यांसाठी राखून ठेवण्याची तजवीज १९०५ मध्ये सुरू झाली तीही त्याच्याच अंमलात. आणि या दोहोंच्या आधी, १९०२ च्या डिसेंबरात, भरतपूर संस्थानाच्या पाणथळीत बदकांच्या पहिल्या मोठ्या शिकारीचा जो थाटमाट उडाला, तो त्याच्याच सन्मानार्थ. स्मारके जपणारा, गेंडा राखणारा आणि बंदुकीची मेजवानी स्वीकारणारा हा पुरुष एकच होता, आणि या तीन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्याला किंवा त्याच्या भोवतालच्या कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

त्या काळापासून आपल्याकडे पाहण्याजोग्या स्थळांची जी सरकारी वाटणी झाली, ती थोड्याबहुत फरकाने आजतागायत चालू आहे. दगड, चुना, शिल्प आणि शिलालेख हे पुरातत्त्व खात्याच्या हवाली, ज्या खात्याचा आरंभ १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेमणुकीपासून धरतात आणि ज्याच्या हाती आज १९५८ चा कायदा आहे. झाड, जनावर आणि पाणवठा हे वनखात्याच्या ताब्यात, ज्याचे शस्त्र म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. दोन्ही खात्यांचे दप्तर निराळे, तिकिटे निराळी, बंद ठेवण्याचे वार निराळे. प्रवाशानेही ही वाटणी विनातक्रार मान्य करून टाकली, आणि त्याचा परिणाम असा झाला की वाघ पाहणाऱ्यांची एक जात आणि वास्तू पाहणाऱ्यांची दुसरी जात निर्माण झाली. पहिली जात पहाटे जिप्सीत बसून धुळीत फिरते, वाघ दिसला तर कृतार्थ आणि न दिसला तर कष्टी होऊन परतते. दुसरी जात मंडपाचे खांब मोजते आणि खांबाच्या पलीकडे जे रान सुरू होते त्याला केवळ अडगळ समजते. माझ्या मते ही सरहद्द दप्तरात आहे, जमिनीवर ती शोधूनही सापडत नाही. आपल्या देशातील बहुतेक नामांकित राने ही माणसाच्या इतिहासाची निष्पत्ती आहेत, आणि कित्येक ऐतिहासिक स्थळे आज उभी आहेत ती रानाने त्यांना आपल्या पोटात घेतले म्हणून.

रान आणि गड एकत्र का नांदतात, याचे एक उत्तर आपल्याच वाङ्मयात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात गडाच्या उतारावरची झाडी हीच गडाची राखण होय, ती प्रयत्नपूर्वक वाढवावी आणि तिच्यातील काडीही तोडू देऊ नये, अशा आशयाची ताकीद आहे. प्रसंगी त्याच झाडीत बंदूकधारी दडवून शत्रूला खिंडीत गाठता येते, हा तिच्यामागचा हिशेब. राजाला गडासाठी उंच व अवघड डोंगर, बारमाही पाणी आणि भोवती दाट आडोसा लागे, आणि नेमक्या याच तीन गोष्टी वाघालाही लागतात. पुढे गडाचे लष्करी मोल संपले, राजधान्या मैदानात उतरल्या, आणि भोवतालचे रान दरबाराचा शिकारखाना म्हणून राखले गेले. तेथे रयतेला लाकूडफाटा तोडण्याची किंवा जनावर मारण्याची मनाई, आणि राजाला व त्याच्या पाहुण्यांना मात्र मुभा. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, तेव्हा हे शिकारखाने जवळजवळ जसेच्या तसे सरकारच्या हाती आले. सवाई माधोपूरजवळचे रणथंभोर, अलवारजवळचे सरिस्का, रीवा संस्थानातील बांधवगड आणि भरतपूरचे घना या सर्वांची कुळकथा थोडक्यात हीच आहे.

यांतील भरतपूरची कथा सर्वांत विलक्षण, म्हणून तिच्याकडे जरा निवांतपणे पाहावे. मराठी माणसाला हे नाव दोन प्रसंगांमुळे ठाऊक असते, निदान असावे. पानिपतच्या रणातून १७६१ च्या जानेवारीत जे जखमी, उपाशी आणि नागवलेले लोक दक्षिणेची वाट शोधीत आले, त्यांना सूरजमल जाटाने आपल्या मुलुखात आश्रय आणि अन्नवस्त्र देऊन मार्गस्थ केले. आणि १८०५ मध्ये यशवंतराव होळकर जनरल लेकची फौज पाठीवर घेऊन भरतपूरच्या मातीच्या तटाआड शिरले, तेव्हा त्या तटावर इंग्रजांचे चार हल्ले लागोपाठ वाया गेले. ज्या सूरजमलाच्या औदार्याचे हे स्मरण, त्याच्याच काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी आवरण्यासाठी अजान नावाचा बंधारा घातला गेला, आणि शहराच्या आग्नेयेकडील सखल जमीन पावसाळ्यात पाण्याखाली राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने त्या सखल भागात लहान लहान बांध, पाट आणि पाणी घेण्या-सोडण्याची दारे बांधून एक शिस्तवार पाणथळ तयार केली. तिचा हेतू एकच होता: हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके तेथे मोठ्या संख्येने उतरावीत आणि पाहुण्यांच्या बंदुकीच्या टप्प्यात यावीत. कर्झनपासून पुढील कित्येक व्हाइसरॉयांना येथे पाचारण झाले, आणि कोणत्या दिवशी कोणासाठी किती पक्षी पडले याचा तपशील दगडी फलकांवर कोरून ते फलक केवलादेवाच्या शिवमंदिराजवळ उभे करण्यात आले. त्यातील १२ नोव्हेंबर १९३८ चा आकडा ४,२७३ आहे. त्या दिवशीचे पाहुणे लॉर्ड लिनलिथगो. देवळाच्या सान्निध्यात, पाण्याच्या काठी, एखाद्या दानलेखाच्या थाटाने कोरलेला हा हिशेब आजही वाचता येतो, आणि माझ्या दृष्टीने तो त्या उद्यानातील पहिल्या प्रतीचा ऐतिहासिक लेख आहे; करकोच्यांसाठी दुर्बीण डोळ्यांना लावून बसलेल्या मंडळींनी त्याच्यासाठी पाच मिनिटे अवश्य काढावीत.

स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ आटवून तेथे शेती करावी अशी मागणी पुढे आली होती. डॉ. सालिम अली आणि मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पाणथळीच्या बाजूने आपले वजन खर्च केले, म्हणून ती वाचली. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत तिचे नाव लागले, आणि १९८५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. ते स्थान नैसर्गिक वारशाच्या सदरात आहे, ही गोष्ट मला नेहमीच थोडी गमतीची वाटत आली आहे. एका राजाने पूर आवरण्यासाठी घातलेला बंधारा, दुसऱ्याने शिकारीसाठी खोदवलेले पाट, आणि लावून वाढवलेली बाभळीची झाडे, एवढ्या मानवी खटाटोपातून जे निर्माण झाले त्याला निसर्ग म्हणावे लागते, आणि म्हणण्यात चूकही नाही. कारण पाणी आले, पाण्यात मासे आले, माशांमागून चित्रबलाक, पाणकावळे आणि बगळे आले, आणि त्यांनी बाभळीवर आपली सारंगागारे वसवली ती कोणाच्या हुकुमाने नव्हे.

परंतु निसर्ग म्हटले की त्यातून मनुष्य वजा करण्याचा जो आग्रह खात्यांना पडतो, तो भरतपुरात महागात गेला. १९८२ मध्ये उद्यानातील गुरेचराई एकाएकी बंद करण्यात आली; भोवतालच्या गावांची पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट एका हुकुमाने तुटली, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मृत्यू पावले. पुढे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अभ्यासकांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून जो निष्कर्ष काढला तो असा की, ज्या म्हशींना बाहेर काढले त्या म्हशीच पाण्यातील गवताचा माज आटोक्यात ठेवीत होत्या. त्या गेल्यावर गवताने उघडे पाणी व्यापले, आणि ज्या पक्ष्यांसाठी हा सारा बंदोबस्त केला त्यांतील कित्येकांची पंचाईत झाली. चराईस विरोध करणाऱ्यांत आपणही होतो, हे त्या संस्थेने लपवले नाही, हा तिचा मोठेपणा. हिवाळ्यात सैबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच, ज्यांच्यामुळे भरतपूरची कीर्ती झाली होती, ते २००२ नंतर आलेच नाहीत. त्याची कारणे मात्र बहुतांशी त्यांच्या दूरच्या प्रवासमार्गावरील शिकारीत आणि आटलेल्या पाणवठ्यांत आहेत. गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यापासून पाण्यासाठीही ओढाताण चालू असून, आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेच्या नळातून पाणी आणून ती पाणथळ भिजती ठेवावी लागते. पाहणाराने येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, आणि मोटारीचा विचारही न करता पायी, सायकलीवर अथवा सायकलरिक्षाने फिरावे; येथील रिक्षावाल्यांना पक्ष्यांची जेवढी ओळख असते तेवढी पुष्कळ पदवीधरांना नसते.

रणथंभोरविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण त्याची कीर्ती गरजेपेक्षा अधिक पसरलेली आहे. १३०१ मध्ये हमीरदेव चौहानाचा पाडाव करून अल्लाउद्दीन खिलजीने घेतलेला हा किल्ला आज राष्ट्रीय उद्यानाच्या ऐन मध्यभागी उभा आहे. जयपूर दरबाराचा शिकारखाना म्हणून राखलेल्या या रानात १९६१ साली इंग्लंडच्या राणीच्या पतीने वाघ मारला. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ रानांत, ज्यांत आपले मेळघाटही होते, त्याची गणना झाली. म्हणजे मारण्यापासून राखण्यापर्यंतचे अंतर जेमतेम बारा वर्षांचे. किल्ल्यावरच्या त्रिनेत्र गणपतीला राजस्थानातील घराघरांतून लग्नाची पहिली पत्रिका टपालाने जाते, आणि टपालवाला ती वाघांच्या रानातून वर पोहोचवतो. गडावर चढण्यास जिप्सीचे आरक्षण लागत नाही, आणि वरून पद्मतलाव व राजबागेचा तलाव ज्या रीतीने दिसतात, तसे ते खालच्या धुळीतून कधीही दिसत नाहीत. तरी दोन-दोन दिवस तेथे राहून गडाची एक पायरीही न चढता परतणारे प्रवासी मी पाहिले आहेत, आणि त्यांची मला कीव आली आहे.

बांधवगड मात्र खुद्द इतिहासाच्या अभ्यासकांनाही पुरते पचलेले नाही. मध्य प्रदेशाच्या उमरिया जिल्ह्यात, ताला नावाच्या खेड्यापाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८११ मीटर उंचीचा एक सपाट माथ्याचा डोंगर चहूबाजूंनी तुटलेल्या कड्यांनिशी उभा आहे, आणि त्याच्या भोवतालच्या सालवृक्षांच्या रानात वाघांची वस्ती इतकी दाट आहे की ज्याला वाघ पाहायचाच आहे त्याला जाणकार पहिल्याने येथेच धाडतात. परंतु याच डोंगरात आणि आसपासच्या वालुकाश्मात माणसाने खोदलेल्या गुहा आहेत, आणि त्यांतील ब्राह्मी लेखांत इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील मघ वंशाच्या राजांची नावे आणि दान करणाऱ्या व्यापाऱ्यांचे उल्लेख सापडतात. ज्या जागी आज सायंकाळनंतर मनुष्याने पाऊल टाकू नये असा दंडक आहे, ती जागा अठराशे वर्षांपूर्वी वर्दळीच्या व्यापारी वाटेवरची होती आणि वाणी तेथे विश्रांतीसाठी दालने खोदून देत होते, हे ध्यानात आले म्हणजे ‘आदिम अरण्य’ हा शब्द उच्चारताना जीभ जराशी अडखळते. २०२२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या जबलपूर मंडळाने या रानाची पाहणी केली तेव्हा पूर्वी नोंद नसलेल्या गुहा, देवळे आणि लेख यांची मोठीच भर पडली, आणि हे सर्व वाघांच्या मुलुखात वनरक्षकांच्या पहाऱ्याखाली हिंडून.

गुहांनंतरचा थर कलचुरींचा. युवराजदेव या राजाच्या गोल्लाक नामक अमात्याने दहाव्या शतकात या डोंगरावर विष्णूच्या अवतारांच्या प्रचंड मूर्ती अखंड खडकात घडवून घेतल्या. मत्स्य, कूर्म आणि वराह माथ्यावर उघड्या आकाशाखाली आहेत, आणि उताराला, जेथे चरणगंगेचा झरा उगम पावतो, तेथे शेषशायी विष्णू पाण्याच्या कुंडाकाठी पहुडलेला आहे. त्यानंतर बाघेल राजे आले. त्यांच्यातील रामचंद्र बाघेलाच्या पदरी तानसेन होता, आणि अकबराने त्याला मागून नेईपर्यंत त्याच्या गायकीचा बहर याच राजाश्रयात झाला. आपल्याकडे तानसेनाचे नाव घेताना ग्वाल्हेर आणि फत्तेपूर आठवते, बांधवगड सहसा आठवत नाही. १५९७ मध्ये मोगलांनी गड घेतला, पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी बाघेलांनी राजधानी रीव्याला हलवली, आणि गडावरची वस्ती हळूहळू पातळ होऊन रान वर चढत आले. उरला तो शिकारखाना. १९५१ मध्ये महाराजा मार्तंडसिंहांच्या माणसांनी याच टापूत एक पांढऱ्या रंगाचा छावा धरला. मोहन हे त्याचे नाव, आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील आजच्या बहुसंख्य पांढऱ्या वाघांची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते. जवळच्या नात्यातच संकर करून वाढवलेली ती संतती शास्त्रदृष्ट्या कौतुकाची नसून चिंतेची आहे, हेही सांगितले पाहिजे. त्याच मार्तंडसिंहांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

गडाचा माथा एरवी प्रवाशांना सहज खुला नसतो, परंतु जन्माष्टमीला रामजानकीच्या मंदिरासाठी, आणि मार्गशीर्षात कबीरपंथीयांसाठी त्याचे दार उघडते. कबीराचा पट्टशिष्य धर्मदास हा बांधवगडचा वाणी, आणि कबीराची म्हणून दाखवली जाणारी एक गुहा गडावर आहे. त्या दिवशी छत्तीसगड व मध्य प्रदेशातून आलेले पंथीय भजने म्हणत त्या रस्त्याने पायी वर जातात, ज्या रस्त्यावर इतर दिवशी जिप्सीतून पाय खाली टेकवणे हा अपराध ठरतो. वनखात्याला हा दिवस म्हणजे मोठा घोर, आणि तो समजण्याजोगा आहे. तथापि खाते तेथे येण्यापूर्वी चारशे वर्षे ही माणसे येत होती, आणि त्यांची वहिवाट हीसुद्धा त्या स्थळाची एक जुनी वास्तूच आहे.

कान्ह्याच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती पाहून सर्वांचेच डोळे निवतात. ज्यांना प्रवासी निसर्गाची मोकळी अंगणे समजतात, त्या कुरणांतील पुष्कळशी म्हणजे गोंड आणि बैगांच्या उठून गेलेल्या गावांची शेते. कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७० च्या सुमारास अवघा ६६ वर येऊन ठेपला होता. तो आज पुन्हा शेकड्यांनी दिसतो, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या गवताला आहे, आणि गवताचे मोल ज्यांनी भरले ती गावे नकाशावरून पुसली गेली आहेत. तेथे उभे राहणाराने जुन्या आंब्याचे किंवा मोहाचे एखादे एकाकी झाड दिसले तर गाइडला विचारून पाहावे की येथे कोणाचे घर होते. बहुतेक वेळा त्याला ते ठाऊक असते, कारण तो त्याच लोकांपैकी असतो.

मुंबईकराला यासाठी मध्य प्रदेश गाठण्याची आवश्यकता नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे, आपल्या पोटात शंभराहून अधिक लेणी बाळगून आहे. कान्हेरी, प्राचीन लेखांतील कण्हगिरि म्हणजेच कृष्णगिरी, येथे इसवी सनापूर्वीच्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. सातवाहनांतील यज्ञ सातकर्णी आणि राष्ट्रकूटांतील अमोघवर्ष यांच्या कारकीर्दींचे लेख तेथे आहेत, आणि सोपारा, कल्याण यांसारख्या बंदरांतून आलेल्या श्रेष्ठींची दाने आहेत. एका लेण्यात तर १००९ आणि १०२१ या वर्षी भेट देऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. भिंतीवर नाव लिहिण्याच्या ज्या सवयीला आपण आज दंड करतो, तिला सहस्र वर्षे उलटली की ती पुराव्याची प्रतिष्ठा पावते. पण लेण्यांइतकेच लक्ष वेधून घेतात त्या खडकात खोदलेल्या पन्हळी आणि पोढ्या. प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याचे टाके, आणि उतारावरून येणारे पावसाचे पाणी त्यात वळवणाऱ्या चरांचे जाळे. पावसाळ्याचे चार महिने सोडल्यास कोरड्या पडणाऱ्या त्या बेसॉल्टच्या टेकडीवर शेकडो भिक्षू वर्षभर राहू शकले ते या व्यवस्थेमुळे.

आणि नेमक्या त्याच पाण्याने ते रानही राखले. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी, असे दोन तलाव मुंबईची तहान भागवण्यासाठी याच टेकड्यांत बांधले गेले. पाणी गढूळ होऊ नये म्हणून त्यांचा पाणलोट मनुष्यवस्तीपासून मोकळा ठेवणे क्रमप्राप्त झाले, आणि भोवती शहर वाढत असताना हा मुलूख रिकामा, म्हणजे हिरवा, राहिला. आज तेथे बिबटे नांदतात, वारल्यांचे पाडे आहेत आणि कडेला उंच इमारती आहेत. सोमवार हा बंदचा वार सोडून केव्हाही सकाळी जावे, आणि जमल्यास पावसाच्या ऐन भरात. बहुतेक व्याघ्रउद्यानांचे गाभे जुलै ते सप्टेंबर मिटलेले असतात, तेव्हा कान्हेरी जिवंत झालेली असते. टाकी कशी भरतात, चर कोठून कोठे वाहतो, हे कोरड्या दिवसांत कल्पनेने ताडावे लागते. श्रावणात ते डोळ्यांदेखत घडते.

सह्याद्रीत याच न्यायाचा दुसरा साक्षी म्हणजे वासोटा, शिवकालातील व्याघ्रगड. साताऱ्याहून बामणोलीला जावे, तेथे वनखात्याचा परवाना काढावा, कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचने पैलतीर गाठावा, आणि मग दाट झाडीतून दीड-दोन तास चढावे. १८१८ च्या एप्रिलात इंग्रजांनी तोफा डागून हा गड घेतला तेव्हा आत हंटर आणि मॉरिसन नावाचे त्यांचे दोन तरुण अधिकारी कैदेत सापडले, आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबातील मंडळीही तेथेच नजरकैदेत होती. पळून जाणे जवळजवळ अशक्य, म्हणून पेशवाईने त्याचा तुरुंग केला होता. तीच दुर्गमता पुढे झाडांच्या आणि जनावरांच्या पथ्यावर पडली. कोयनेचे अभयारण्य, चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून या दोहोंचा मिळून झालेला सह्याद्री व्याघ्रप्रकल्प, अशी त्या मुलुखाची सनद बदलत गेली. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून कोयना जागतिक वारशात गेली, अर्थात नैसर्गिक सदरात. आणि २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर इत्यादी बारा दुर्ग सांस्कृतिक सदरात गेले, त्यांत वासोटा नाही. वासोट्याच्या बुरुजावर बसलेला मनुष्य म्हणजे युनेस्कोच्या लेखी रानात बसलेला आहे! या सदरांच्या पलीकडे जाऊन दोन्ही अंगांनी मान्यता पावलेले स्थळ भारतात आजवर एकच आहे, सिक्कीममधील कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान, आणि तेही २०१६ मध्ये. कारण तेथील लोकांना तो पर्वत देवता म्हणून पूज्य आहे, आणि ही पूज्यता व हिमनद्या यांना वेगळे काढणे परीक्षकांनाही जमले नसावे.

माझ्या मनात असे मिश्र स्थळ म्हणून पहिला मान भीमबेटकाचा. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनीस कर्मभूमी मानलेले विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये आगगाडीतून भोपाळकडे जात असता त्यांना डब्याच्या खिडकीतून विंध्याच्या वालुकाश्माचे काही विलक्षण आकार दिसले, आणि युरोपातील चित्रगुहांच्या प्रदेशाशी त्यांचे साम्य जाणवून ते त्या खडकांच्या शोधात निघाले. तेथे सातशेच्या आसपास शैलाश्रय निघाले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांत चित्रे. गेरूच्या आणि पांढऱ्या रंगात हरणे, गवे, हत्ती, रानडुकरे, वाघ, शिकारी, नर्तक. मध्याश्मयुगापासून घोडेस्वारांच्या काळापर्यंत एकावर एक चढवलेली, इतकी की एकाच शिळेवर निरनिराळ्या सहस्रकांतील जनावरे परस्परांतून चालत गेलेली दिसतात. त्या शिळेला लोक प्राणिसंग्रहालयाचा खडक म्हणतात. तिच्यावर कोणती जनावरे आहेत आणि आज भोवतालच्या रानात त्यांतील कोणती उरली आहेत, याचा ताळा करून पाहण्यासारखे आहे. हत्ती आणि गवा त्या टेकड्यांतून गेलेले आहेत, वाघ मात्र आहे.

कारण भीमबेटका रातापानीच्या अभयारण्यात आहे, आणि रातापानी २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले. २००३ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या चित्रांचा पहारा पुरातत्त्व खात्याकडे, आणि चित्रांभोवतीच्या सागवानी रानाचा वनखात्याकडे. भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरांवर हे स्थळ येते, आणि पायवाटेवर दाखवले जाणारे शैलाश्रय पंधराच्या आसपास आहेत. बहुतेक मंडळी तासाभरात ते उरकून सांचीला पळतात. ज्याला सवड असेल त्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान सकाळच्या प्रहरी जावे, एक दिवस चित्रांना द्यावा, दुसऱ्या दिवशी रातापानीच्या रानात फिरण्याचा वेगळा परवाना काढावा, आणि दोन्ही पावत्या एकाच खिशात ठेवाव्यात.